चाललेले अंतर

आमच्या भागातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांचे दोन वर्ग असतात असे बाहेरच्या माणसाला सांगितले, तर तो कायम आणि तासिका तत्त्वावरचे असे दोन वर्ग समजतो. तो भेद आहेच. पण रोजच्या व्यवहारात त्याहून आधी लक्षात येणारा दुसरा भेद आहे, गावात राहणारे आणि 'अप-डाऊन' करणारे. 'अप-डाऊन' हा शब्द रेल्वेच्या वेळापत्रकातून आला आणि ज्या रिसोड, मानोरा, मंगरूळपीर या गावांनी रेल्वेचे तोंड पाहिलेले नाही तिथेही तो रुळला. त्यात एक सूक्ष्म निंदा आहे. अप-डाऊन करणारा प्राध्यापक म्हणजे गावाशी देणेघेणे नसलेला, घड्याळाकडे पाहत शिकवणारा, शेवटच्या तासाला पिशवी आवरून बसलेला माणूस. या निंदेत तथ्य किती आणि एस. टी.च्या वेळापत्रकाचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आम्ही चौघे त्याच वर्गातले. चौघेही चाळिशीतले, चौघेही मराठीचे एम. ए., चौघांचीही बिऱ्हाडे वाशीमला. आणि साधारण चाळीस किलोमीटरवरच्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या दोन महाविद्यालयांत आम्ही शिकवतो. दोघे कायम आहेत, दोघे तासिका तत्त्वावर. या चौघांनी मिळून २०२२ च्या जानेवारीत एक जुनी, तीन लाख बारा हजार किलोमीटर चाललेली गाडी विकत घेतली. मराठीच्या प्राध्यापकांनी जुन्या गाडीवर लिहावे असे तिच्यात काय आहे, हा प्रश्न रास्त आहे. पण ती घेताना जे वाचावे लागले, ज्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ठरवावे लागले आणि शेवटी कागदावर कोणाचे नाव लिहावे यावर जी चर्चा झाली, ती आमच्या विषयापासून फार दूरची नव्हती.

निमित्त संपाचे होते. करोनाकाळात बंद पडलेली महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हा उघडली. दीड वर्ष मोबाइलच्या पडद्यावर विझत चाललेले वर्ग भरू लागले आणि महिना संपायच्या आत एस. टी. कर्मचाऱ्यांचे आंदोलन सुरू झाले; नोव्हेंबरात डेपोच बंद झाले. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे ही त्यांची मागणी होती. त्या मागणीमागे अपुऱ्या पगाराची आणि आत्महत्यांची पार्श्वभूमी होती; तिची टवाळी करण्याचा अधिकार, तासिकांच्या मानधनाची वर्ष वर्ष वाट पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना तरी नव्हता. संप एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. तोवर रस्त्यावर उरली ती काळीपिवळी. नऊ जणांच्या जागेत सतरा माणसे, दोन टपावर, एक ड्रायव्हरच्या उजव्या हाताशी. आमच्यातल्या मॅडम त्या गाडीतून महिनाभर गेल्या. एके दिवशी त्या एवढेच म्हणाल्या, "मी उद्यापासून येणार नाही, किंवा मग आपली गाडी घेऊ." तासिका तत्त्वावर असलेल्या माणसाने 'उद्यापासून येणार नाही' म्हणणे याचा अर्थ काय होतो, ते आम्हा चौघांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

नवी गाडी घेण्याचा प्रश्न नव्हता. चौघे आणि वाटेवरून येणारे विद्यार्थी मावतील अशी, म्हणजे आठदहा जणांची, आणि आमच्या रस्त्यांना न घाबरणारी जुनी गाडी हवी होती. अशा गाड्यांची आमच्याकडे एक वंशावळ आहे आणि भाषेच्या माणसाला ती मोह पाडणारी आहे. सगळ्यांत जुना मूळपुरुष 'टेम्पो'. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचे हे नाव; १९५८ साली न. के. फिरोदिया यांनी त्या कारखान्याच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी उभारली आणि इटालियन भाषेत 'काळ' किंवा 'लय' असा अर्थ असलेला हा शब्द मराठीत मालवाहू गाडीचे सामान्यनाम होऊन बसला. मग त्याच घराण्यातला 'मेटाडोर'. स्पॅनिशमध्ये मॅटाडोर म्हणजे रिंगणात बैलाला ठार करणारा योद्धा. आमच्याकडे मेटाडोर म्हणजे बाजाराच्या दिवशी बैल घेऊन जाणारी गाडी. शब्दांचे असे पुनर्वसन फक्त व्यवहारात होते, कोशाच्या समितीत होत नाही. १९८४ मध्ये आलेली मारुतीची व्हॅन जपानच्या सुझुकी कॅरीची भारतीय आवृत्ती होती. तिचे ओम्नी नाव नंतरचे. २००७ ची टाटा विंगर फ्रान्सच्या रेनो ट्राफिकवर बेतलेली. म्हणजे आमच्या गावांतल्या जवळजवळ प्रत्येक 'देशी' व्हॅनचे आजोळ परदेशात आहे.

प्रत्यक्ष परदेशातून वापरलेली व्हॅन आणणे मात्र आपल्याकडे दुर्मीळ. केनियात किंवा श्रीलंकेत जपानमधून आलेल्या वापरलेल्या व्हॅन रस्तोरस्ती धावतात. नैरोबीच्या 'मटाटूं'मध्ये तशा कितीतरी आहेत. आपल्या नियमांनी तो दरवाजा किलकिलाच ठेवला. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी, चाक उजवीकडे असावे, ती मुंबई बंदरातूनच यावी आणि वर जबर सीमाशुल्क भरावे. जिथे मूळ ग्रंथ येऊ शकत नाही तिथे भाषांतर येते, तसे आपल्याकडे झाले. गाडी आली नाही, गाडीचा आराखडा आला.

आम्हाला हवी होती ती गाडी याच जातीची. टोयोटाने २००० साली भारतात आणलेली आणि २००५ मध्ये बंद केलेली क्वालिस. तिची जुळणी बंगळूरुजवळच्या बिडदीला होत असे. पण मुळात ती इंडोनेशियातली 'किजांग'. किजांगची जी पिढी तिथे १९८६ मध्ये आली आणि १९९७ च्या सुमारास निवृत्त झाली, तिचाच सांगाडा आपल्याकडे नव्या नावाने अवतरला. म्हणजे कारखान्यातून कोरी बाहेर पडली तेव्हाही ती एका अर्थाने वापरलेलीच होती. 'किजांग' म्हणजे आपल्याकडचे भेकर, भुंकणारे लहान हरीण. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यातल्या काळविटांच्या जिल्ह्यात एक भेकर आले तर त्यात वावगे काय, असे आमच्यातल्या एकाने म्हटले. 'क्वालिस' हा शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ आहे 'कसला?', 'कोणत्या प्रकारचा?'. जुनी गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला पडणारा एकमेव प्रश्न त्या गाडीच्या पाठीवरच लिहिलेला असावा, हा योगायोग आम्हाला आवडला.

गाड्या पाहायला आम्ही अकोल्यापर्यंत गेलो. बरोबर एक मिस्त्री होते. वाशीमच्या एका गॅरेजात तीस वर्षे डिझेल इंजिने उघडलेले. पहिल्या गाडीजवळ उभे राहून आम्ही चौघेही एकदम मीटरवर वाकलो तेव्हा ते हसले. "मीटर कायले पायता सर? मीटर कोणीबी फिरवते. पायाखालचं रबर पाहा, ते कोणी फिरवत नाही." ती गाडी दिल्ली पासिंगची होती. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी झाल्यापासून तिथल्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत उतरतात आणि स्वस्तात मिळतात. तिच्या मीटरवर आकडा होता ७४ हजार. ब्रेकच्या पेडलवरचे रबर मात्र झिजून खालचे लोखंड चकाकत होते. स्टिअरिंगची धार हाताच्या घामाने गुळगुळीत झाली होती. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडताना खाली झुकत होते, कारण बिजागरी हजारो वेळा उघडमीट होऊन सैल झाली होती. मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढून पत्र्यावर फिरवला. दोन ठिकाणी तो चिकटलाच नाही. तिथे पत्रा नव्हता, लांबी भरून वर रंग मारलेला होता.

आम्हाला हे सगळे ओळखीचे वाटले. हस्तलिखितांच्या प्रती तपासताना आपण दुसरे काय करतो? महानुभावांच्या पोथ्यांपासून भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीपर्यंत, पाठ ठरवणाऱ्याचे काम हेच, की प्रत स्वतःविषयी जे सांगते त्यावर न थांबता तिच्या शाईकडे, कागदाकडे, खाडाखोडीकडे पाहायचे. मीटरचा आकडा ही प्रतीची पुष्पिका. पेडलचे रबर हा तिचा कागद. रंगाखालची लांबी हा प्रक्षेप. वर्गात आम्ही 'अंतर्गत पुरावा' हा शब्द वर्षानुवर्षे वापरत आलो. तो हाताला लागलेला आम्ही पहिल्यांदा पाहिला, आणि तोही दहावीच्या पुढे न शिकलेल्या माणसाच्या हाताला.

दुसरी गाडीही अशीच परत पाठवली. तिसरी अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यात होती. २००४ ची, एमएच ३० पासिंग. विकणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे. शेती आणि धान्याची आडत. आम्ही पोचलो तेव्हा गाडी अंगणात उभी होती. मिस्त्रींनी आधी बोनेटवर तळहात ठेवला. इंजिन थंड होते, म्हणजे आम्ही यायच्या आधी ते तापवून ठेवलेले नव्हते. थंड इंजिनच आपले दुखणे सांगते. पहिल्या चावीला किंचित काळा धूर आला आणि विरला. निळा आला असता तर इंजिन ऑइल खाते असे समजायचे. ऑइलचे झाकण काढून चालू इंजिनावर उलटे ठेवले. ते उडाले नाही, थरथरत जागेवर राहिले. मागचे कमानपाटे बसलेले होते, एका बाजूचा पत्रा खालून गंजला होता, सीटांचे फोम दबलेले होते. आणि मीटरवर आकडा होता ३,१२,४०६.

आम्ही आकडा पाहून एकमेकांकडे पाहिले. गृहस्थांच्या ते लक्षात आले. ते म्हणाले, "गाडी चालली म्हून मीटर चाललं, साहेब. घरी उभी ठेवली असती तं गंजली असती." मग आत जाऊन त्यांनी एक वही आणली. लाल कापडी पाठीची, आडतीच्या दुकानात वापरतात तशी. २००४ पासूनचे डिझेल, प्रत्येक ऑइल बदल, दर लाखाला बदललेला टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, टायर. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आणि त्या दिवशीचा आकडा. मधेमधे इतर मजकूरही होता. एका नोंदीपुढे 'पोहरादेवी', एकीपुढे 'नागपूर, दवाखाना', त्यानंतर त्याच महिन्यात आणखी चार वेळा 'नागपूर, दवाखाना', आणि नंतर तो शब्द पुन्हा कुठेच नाही. आम्ही त्याविषयी विचारले नाही.

पाठचिकित्सेत एक नियम आहे. दोन प्रतींत दोन पाठ असतील तर सोप्यापेक्षा अवघड पाठ अधिक विश्वसनीय मानावा. कारण नकलणारा अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही. जुन्या गाडीच्या बाजारात याचे रूप असे होते, की कमी आकडा संशयास्पद आणि मोठा आकडा प्रामाणिक. कोणताही विक्रेता मीटर पुढे फिरवत नाही. तीन लाख बारा हजार हा अवघड पाठ होता. पहिल्या गाडीचे ७४ हजार ऐकायला गोड होते. पण ते कोणीतरी आमच्यासाठी सोपे करून लिहिलेले होते.

इथे एक विचार मनात रेंगाळला तो सांगितला पाहिजे. वस्तूच्या बाबतीत चाललेले अंतर हा दोष मानला जातो. माणसाच्या बाबतीत त्यालाच आपण अनुभव म्हणतो. निदान निरोपसमारंभात म्हणतो. परंतु आमच्या व्यवसायात गेली काही वर्षे माणसाचे मोजमापही गाडीसारखे होऊ लागले आहे. तासिका तत्त्वावर दहापंधरा वर्षे शिकवलेला चाळिशीतला उमेदवार मुलाखतीला जातो तेव्हा त्याची वर्षे त्याच्या बाजूने उभी राहत नाहीत, त्याच्यावर झिजेसारखी दिसतात. समितीला कोरा माणूस हवा असतो. असे उमेदवार मग आपली काही वर्षे सांगतच नाहीत. मीटर मागे फिरवणारे फक्त बाजारातच असतात असे नाही. ते फिरवायला माणसाला भाग पाडणारी व्यवस्थाही असते. त्या गृहस्थांच्या अंगणात, उघड्या मीटरसमोर आणि उघड्या वहीसमोर, आम्हाला हे एखाद्या आरोपासारखे जाणवले.

सौदा एक लाख पासष्ट हजाराला ठरला. त्यांनी वही गाडीबरोबरच दिली. "हे बी तुमचंच आता," असे म्हणाले.

खरी अडचण पुढे होती. चार वाटे कसे करायचे? कायम असलेल्या दोघांनी सुचवले की पगाराच्या प्रमाणात करावेत. म्हणजे तासिकेवरच्या दोघांवर भार पडणार नाही. सूचना सद्भावनेचीच होती. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग बसायची जागाही प्रमाणात का?" त्यावर कोणी काही बोलले नाही. वाटे समान ठरले. तासिकेवरच्या दोघांचे पैसे एका भिशीतून आणि पाच हप्त्यांत आले. उपकार आणि भागीदारी यांतला फरक आम्ही ग्रामीण साहित्याच्या तासाला कितीदा समजावून सांगितला असेल. तो पाच हप्त्यांत आम्हाला समजला.

दुसरा प्रश्न नावाचा. नोंदणी पुस्तकावर नाव एकाचेच लागते, मालक चार असले तरी. साहजिक उत्तर होते की कायम असलेल्यांपैकी कोणाचे तरी लावावे. कागदपत्रे सोपी, विम्याला सोयीचे. पण मॅडमचे नाव प्रथम कोणी घेतले ते आता आठवत नाही, इतके ते सगळ्यांना एकदम पटले. चौदा वर्षे ज्यांचे नाव महाविद्यालयाच्या कागदावर दर जूनमध्ये नव्याने लिहिले जाते आणि दर उन्हाळ्यात पुसले जाते, त्यांचे नाव एका सरकारी कागदावर काही वर्षांसाठी तरी टिकून राहावे. फॉर्म २९ आणि ३० वर विक्रेत्याच्या आणि त्यांच्या सह्या झाल्या, वाशीमच्या परिवहन कार्यालयात हस्तांतर झाले. नंबर एमएच ३० चाच राहिला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम अकोल्यातून वेगळे होऊन जिल्हा झाला, त्याचा एमएच ३७ हा स्वतःचा क्रमांक आला. पण गाडी मात्र वेगळे झाल्यानंतरही माहेरचे नाव लावणाऱ्या बाईसारखी अकोल्याचीच राहिली.

तिची पंधरा वर्षांची मूळ नोंदणी २०१९ मध्ये संपून पाच वर्षांसाठी वाढवलेली होती. आम्ही ती २०२४ मध्ये पुन्हा वाढवली. १ एप्रिल २०२२ पूर्वी या नूतनीकरणाला सहाशे रुपये लागत. आम्हाला पाच हजार लागले, पर्यावरण कर वेगळा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या चारचाकीसाठी ती रक्कम दहा हजार झाली. गाडी आयात केलेली असेल तर ऐंशी हजार. आमच्या भेकराचे भाषांतर बिडदीला झाले म्हणून ते दहा हजारांत सुटेल. जुने वाहन रस्त्यावर राहू नये हा या वाढीचा हेतू आहे आणि धुराचा विचार केला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. तरी त्या दिवशी कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना मॅडम हातातल्या कागदाकडे पाहून म्हणाल्या, "गाडीला २०२९ पर्यंतची खात्री मिळाली. मला मार्चपर्यंतची आहे." आम्ही हसलो. त्याही हसल्या.

आता गाडीत बसणाऱ्यांविषयी. पहिल्या आठवड्यापासूनच फाट्याफाट्यावर मुली उभ्या राहू लागल्या. बारावीपर्यंतच्या मुलींसाठी मानव विकासच्या बस असतात, पण त्याही डेपोतच उभ्या होत्या; पदवीच्या मुलींसाठी तर तीही सोय नाही. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडे घेता येत नाही आणि आम्हाला ते घ्यायचेही नव्हते. एका मुलीचे वडील पैसे द्यायला आले, आम्ही नाही म्हटले. चार दिवसांनी त्यांनी तुरीच्या शेंगांचे गाठोडे मागच्या सीटवर ठेवले आणि आम्ही काही बोलायच्या आत निघून गेले. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने नोंदणी पुस्तकावरची तारीख वाचून जाहीर केले की गाडी तिच्याहून दोन महिन्यांनी मोठी आहे. तेव्हापासून ती गाडीला 'ताई' म्हणे.

त्यांच्यात एक मुलगी एस. टी. वाहकाची होती. वडील संपावर, घरात तीन महिने पगार नाही. ती आमच्या गाडीतून यायची, पण एके दिवशी उतरताना तिने हळूच विचारले, "सर, गाडी डेपोवरून नाही नेली तर चालेल का?" डेपोच्या फाटकासमोर तिचे वडील आणि त्यांचे सहकारी रोज मंडप टाकून बसत. आमची गाडी त्यांच्यासमोरून विद्यार्थी भरून जात होती. त्यांच्या संपाला त्यामुळे काही फरक पडत होता असे नाही, पण त्यांच्यासमोरून जात होती हे खरे. दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. मुलींचे वर्ष वाया जाऊ नये हे खरे. आणि ज्यांच्या गाडीने आम्ही पंधरा वर्षे गेलो त्यांच्या पंगतीसमोरून दुसऱ्या गाडीत बसून जाणे बरे नव्हे, हेही खरे. संप संपेपर्यंत आम्ही मागच्या रस्त्याने गेलो. दीड किलोमीटर जास्त पडे.

जास्तीच्या दीड किलोमीटरच्या हिशेबातूनच एकदा आम्ही स्वतःचा हिशेब मांडला. रोजचे ऐंशी किलोमीटर, वर्षाचे दोनशे दिवस, पंधरा वर्षे. दोन लाख चाळीस हजार. पृथ्वीचा घेर साधारण चाळीस हजार किलोमीटर आहे. म्हणजे वाशीमच्या बाहेर फारसे न गेलेल्या चार माणसांनी, प्रत्येकी, पृथ्वीला सहा प्रदक्षिणा घातल्या होत्या, आणि दर प्रदक्षिणेत एकच रस्ता पाहिला होता. त्या रस्त्यावर सोयाबीन किती वेळा पेरले, किती वेळा पावसाने झोडपले आणि कुठल्या वर्षी तूर करपली, हे आम्ही खिडकीतून पाहिलेले आहे. अप-डाऊन करणाऱ्याला गावाशी देणेघेणे नसते म्हणणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे, की दोन गावांच्या मधला सगळा प्रदेश त्याच्याच वाट्याला आलेला असतो. गावात राहणाऱ्याला तो दिसत नाही.

वाशीमला राहणाऱ्या साहित्याच्या विद्यार्थ्याला एक कथा अभिमानाने सांगितली जाते. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून घर सोडतो. त्याला वळवण्यासाठी गौरी साहित्यविद्येला निर्माण करते आणि ती त्याच्या मागे निघते. पूर्वेचा प्रदेश, मग पांचाल, अवंती, मग दक्षिण. प्रत्येक ठिकाणी त्यांचे वेष बदलतात, नृत्य बदलते, बोलण्याची रीत बदलते. शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, म्हणजे आमच्या वाशीममध्ये, त्यांचा विवाह होतो. वर्गात आम्ही ही कथा नेहमी विवाहासाठी सांगत आलो, आपल्या गावाचा मान म्हणून. गाडी घेतल्यानंतर ती सांगताना भर प्रवासावर पडू लागला. साहित्यविद्या वत्सगुल्मात जन्मली नाही. एवढे चालून आल्यावर ती काव्यपुरुषाला पटली. प्रत्येक प्रदेशाची झीज आणि धूळ अंगावर घेतल्याशिवाय तिला रीतच सापडत नव्हती. आणि ही कथा सांगणारा राजशेखर स्वतःला 'यायावरीय' म्हणवतो. यायावर म्हणजे सतत फिरत राहणारा. आमच्या भाषेत, अप-डाऊन करणारा.

सध्या मीटर पावणेचार लाखांच्या जवळ आहे. मागचे कमानपाटे बदलले, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, इंजिनाला अजून हात लावावा लागलेला नाही. मिस्त्री म्हणतात, अजून लाखभर चालेल. इंजिनाविषयी ते खोटे बोलत नाहीत. वाहकाची मुलगी एम. ए. झाली आणि सेटच्या तयारीत आहे. आमच्यातले तासिकेवरचे दोघे अजून तासिकेवरच आहेत.

लाल पाठीची वही आम्ही पुढे चालू ठेवली आहे. डिझेल, ऑइल, तारीख, आकडा, सगळे त्यांच्याच पद्धतीने. फक्त एक रकाना वाढवला आहे, त्या दिवशी गाडीत कोण कोण होते त्याचा.